महीनखानुमची गुलाबदाणी

गाडी बंद करून पाच मिनिटं झाली तरी मी दार उघडेना, तेव्हा रेवाने माझ्याकडे बघितलं.

"आई, आर वी गोइंग इन ऑर नॉट?"

"थांब गं. श्वास तर घेऊ दे मला."

मेलबर्नच्या टोकाला असलेल्या क्रेगीबर्नमधली आमची जुनी गल्ली. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला लावलेली झाडं म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या नुसत्या काड्या होत्या, चिमणीसुद्धा बसायला धजत नसे. आता त्यांची सावली पार रस्त्याच्या मध्यापर्यंत येते. आमच्या घराला कुणीतरी राखाडी रंग दिलाय, तो मला मुळीच आवडला नाही. पण मी घर बघायला आलेच नव्हते. मला जायचं होतं शेजारच्या दारात, महीनखानुमकडे, आणि रेवाच्या लहानपणीच्या दुपट्यात गुंडाळलेली त्यांची गुलाबदाणी माझ्या मांडीवर होती. तेरा वर्षांपूर्वी मी ती त्यांच्या घरातून घेऊन आले. चोरली नव्हती हो! त्यांनी 'घे' म्हटलं, मी घेतली. पण त्या 'घे'चा अर्थ 'घे' नव्हता, हे कळायला मला तेरा वर्षं लागली. आज परत द्यायला आले होते. त्यांनी नाही घेतली तर काय करायचं, ते काही ठरत नव्हतं.

मी गाडीची काच खाली केली आणि तो वास आला. कांदा तांबूस होईपर्यंत तळायचा आणि मग त्याच तेलात वाळलेला पुदिना टाकायचा, त्याचा वास. सगळ्या ऑस्ट्रेलियात माझ्यासाठी तो वास एकाच स्वयंपाकघराचा आहे.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मंदार, माझा नवरा, आयटीतला. त्याच्या व्हिसाला शेपटासारख्या लावलेल्या आम्ही दोघी, मी आणि पाच वर्षांची रेवा. तो सकाळी ट्रेनने सिटीत जायचा, रेवा शाळेत जायची आणि मी घरात भिंती बघत बसायची. डोंबिवलीच्या बाईला शांतता सोसत नाही. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. कुठेतरी लॉनमोअर सुरू झाला की मला हायसं वाटायचं, चला, कुणीतरी जिवंत आहे. उत्तरेचा गरम वारा सुटला की सगळ्या गल्लीला वाळल्या गवताचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास यायचा. मी आईला फोन लावून नुसतीच रडायची, आणि आई म्हणायची, "अगं, शेजारीपाजारी जा की जरा." शेजारीपाजारी म्हणे! इथे शेजाऱ्याकडे जायचं तर आधी मेसेज करावा लागतो.

कुंपणापलीकडे एक झाड होतं. डिसेंबरात त्याला लिंबाएवढी पिवळी-केशरी फळं लागली. मी कपडे वाळत घालत होते. पानांतून एक हात वर आला, मागोमाग पांढरा रुमाल बांधलेलं एक डोकं आलं, आणि त्या डोक्याने मला विचारलं, "ज़र्दालू?"

मी हातातला ओला टॉवेल तसाच टाकला आणि किंचाळले, "जर्दाळू!"

"ज़र्दालू, ज़र्दालू," पलीकडून उत्तर आलं.

मग आम्ही दोघी चार-पाच वेळा नुसतं तेच म्हणत राहिलो. मी आयुष्यात जर्दाळू फक्त वाळलेला पाहिला होता, सुरकुतलेला. त्याची बी दाराच्या फटीत फोडून खायची आणि आईचा धपाटा खायचा. तो असा रसाळ, उन्हाने कोमट झालेला, गालांवर लाली चढलेला असतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी कुंपणाशी उभ्या उभ्या अकरा खाल्ले. रस कोपरापर्यंत ओघळला.

महीनखानुम मूळच्या इराणमधल्या काशान गावच्या. खानुम म्हणजे आपलं बाई, महीनबाई म्हणा. नवरा तिकडेच गेला, मग लेक लाले हिने त्यांना इकडे आणलं. लाले फार्मसिस्ट, दिवसभर दुकानात. त्यामुळे दुपारी अलीकडे मी एकटी आणि पलीकडे त्या एकट्या. त्यांचं इंग्रजी माझ्या शालूसारखं होतं, वर्षातून एकदा बाहेर निघणारं. माझं फारसी शून्य. तरी आमच्या गप्पा अशा रंगायच्या की रेवाला शाळेतून आणायची वेळ टळायला यायची.

चहाचं पाणी उकळायचा विजेचा समोवार सूंऽऽ करत असायचा. कमरेत बारीक अशा पेल्यांतून बिनदुधाचा, तांबूस चहा. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा प्यायचा. माझा खडा पहिल्याच घोटाला विरघळायचा, त्यांचा पेला संपेपर्यंत टिकायचा. त्या बोट दाखवायच्या, पडदा? मी मान डोलवायची, पडदा. दरवाजा? दरवाजा. बाग, आवाज, बेदाणा. मी रडवेली होऊन आईची आठवण काढली की त्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "बीचारे." आणि त्या नवऱ्याचा फोटो पुसायला लागल्या की मी म्हणायची, "बिचाऱ्या." भाषांतर लागलंच नाही.

काही शब्द मात्र पाय घसरवणारे. मी त्यांच्या अंगणातल्या फुलाला गुलाब म्हटलं की त्या खो खो हसायच्या. त्यांच्यात गोल म्हणजे फूल आणि गोलाब म्हणजे गुलाबपाणी. काशानला वसंतात सगळं गाव गुलाबपाणी काढतं म्हणे. ऊन चढायच्या आत फुलं खुडायची, तांब्याच्या हंड्यांत उकळायची. मग पावाला, अंथरुणाला, पोरींच्या वेण्यांना, सगळ्याला तोच वास. त्या सांगायला लागल्या की डोळे मिटायच्या आणि नाकपुड्या फुलवायच्या. एकदा मी लालेला म्हटलं, ड्रायव्हिंग टेस्टसाठी मी अगदी शिकस्त केली. ती चहा सांडेस्तोवर हसली. त्यांच्यात शिकस्त म्हणजे हार! आपण प्रयत्नांची शिकस्त करतो आणि ते म्हणतात, अरेरे, हरली वाटतं.

आणि एक शब्द होता, गोज़श्ते. महीनखानुम तो म्हणताना खांद्यावरून मागे हात उडवायच्या, काहीतरी टाकून दिल्यासारखा. गेलेलं, होऊन गेलेलं. मला एकदम माझे आजोबा आठवले. "गुदस्ता आंबा बरा होता," असं म्हणायचे. गुदस्ता म्हणजे मागच्या वर्षी, एवढंच मला माहीत. आपण त्या शब्दातून एक वर्ष तेवढं कापून घेतलं, त्यांच्याकडे मात्र त्यात सगळं मावतं, काशान, नवरा, तांब्याचे हंडे. हल्ली माझंही गुदस्ता फार मोठं झालंय.

समोरच्या घरात बेव्ह राहायची. पूर्वी शाळेची बस चालवायची, आता रिटायर्ड, आणि चौकशा करण्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या बायकांना मागे टाकेल अशी. "वॉट्स दॅट, लव्ह?" करत ती कुणाच्याही स्वयंपाकघरात नाक घालायची. मार्चमध्ये त्यांच्या नव्या वर्षाला, नौरोजला, महीनखानुम ताटलीत गहू रुजत घालायच्या. बेव्हने विचारलं, हे ज्यूससाठी का? काचेच्या वाडग्यातला लाल मासा बघून विचारलं, हे डिनर का? मी कपाळाला हात लावला. मला तर ते गहू बघूनच भरून आलं होतं, आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो, तसेच ते हिरवेगार अंकुर. त्यांच्या मांडणीत 'स'च्या सात वस्तू लागतात, सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सगळ्यांची त्यांच्याकडची नावं 'स'वरून. मी उत्साहाने घरून सुपारी आणि साबूदाणा घेऊन गेले. महीनखानुमनी साबूदाणा हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि गंभीरपणे ताटात ठेवला. त्या वर्षी त्यांच्या सातांचे नऊ झाले.

तर ही बेव्ह. आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ती चहाला बसली होती, मीही होते, लालेला सुट्टी होती. बेव्हने दिवाणखान्यातल्या लाल गालिच्याची तोंड भरून तारीफ केली. महीनखानुमनी लगेच छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पीशकेश." लालेने इंग्रजीत सांगितलं, आई म्हणतेय, तो तुझाच, घेऊन जा. बेव्ह गडगडून हसली. "डोन्ट बी सिली, लव्ह!" म्हणाली आणि दुसरं बिस्किट उचललं.

मला असा राग आला म्हणता! म्हातारी बाई एवढ्या प्रेमाने जमिनीवरचा गालिचा काढून देतेय आणि ही म्हणते सिली. घरी येऊन मी मंदारला तावातावाने सांगितलं, "या लोकांना रीतच नाही रे. देणाऱ्याचं मन कळत नाही." मंदार लॅपटॉपमधून मान वर न करता "हं" म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. संक्रांत जवळ आलेली. माझी परदेशातली पहिली संक्रांत, मला हळदीकुंकू करायचं होतं आणि माझ्याकडे करंड्याशिवाय काही नव्हतं. महीनखानुमच्या काचेच्या कपाटात, पेल्यांच्या मागे, मला ती दिसली. चांदीची, बुटक्या पोटाची, हंसासारखी बारीक मान, टोकाला जाळी.

"अय्या! गुलाबदाणी!"

"गोलाबदान," त्यांनी सुधारलं, आणि कौतुकाने ती काढून माझ्या हातात दिली. बुडाशी एक पोचा होता, अंगठा बरोब्बर बसेल एवढा. आत वास होता, जुना, झोपलेला. आईकडची गुलाबदाणी, दारात उभी राहून बायकांच्या अंगावर पाणी शिंपडणारी माझी आई, सगळं एकदम समोर आलं. मी हातवारे करून सांगितलं, आमच्याकडे पण अशीच, हळदीकुंकवाला लागते. आणि म्हटलं, किती सुंदर आहे, सो ब्यूटिफुल!

त्यांनी छातीवर हात ठेवला. "पीशकेश. काबेली नदारे."

पीशकेश मला कळलं. तुझीच, घेऊन जा. पुढचं, म्हणजे 'त्यात काय एवढं', तेव्हा नाही कळलं, पण मला काही बेव्ह व्हायचं नव्हतं. मी संस्कारी घरातली. मोठ्या माणसाने दिलेलं नाकारू नये, दोन्ही हातांनी घ्यावं, वाकून नमस्कार करावा, हे आईने बदडून बदडून शिकवलेलं. मी दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मी वर आले तेव्हा त्यांचा हात गुलाबदाणीच्या मानेवर होता. क्षणभर तसाच राहिला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मग त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं, वळल्या आणि समोवारचं बटण दाबलं. समोवार चालूच होता. बटण दाबल्यावर तो बंद झाला आणि त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. हे सगळं मी बघितलं, डोळ्यांनी बघितलं, आणि आनंदाने नाचत घरी गेले.

ते हळदीकुंकू अजून आठवतं. बेचाळीस डिग्री, काळ्या साड्या, घामाने ओघळलेलं कुंकू. तिळाचे लाडू हातात घेतले की मऊ पडत होते. मंदारच्या ऑफिसातल्यांच्या बायका, ट्रुगानिनाहून तासभर गाडी चालवत आलेल्या दोघी. मी महीनखानुमना बोलावलं होतं. कुणीतरी माझ्या कानाशी कुजबुजलं, "अगं, त्यांचे मिस्टर नाहीत ना?" मी मोठ्याने म्हटलं, "नाहीत. मग?" आणि सगळ्यांत आधी त्यांनाच कुंकू लावलं. त्यांच्याच गुलाबदाणीने त्यांच्या तळहातावर पाणी शिंपडलं. त्यांनी ओंजळ नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मागे बायका खोळंबल्या. मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा, बघा, बिचाऱ्यांना आपली पद्धत किती आवडली!

सहा संक्रांती त्या आल्या. सहा वेळा ओंजळ नाकाशी नेली. आणि दर वर्षी मी त्यांना वाण दिलं. स्टीलची गाळणी, मीठ-मिरीच्या बाटल्या, एकदा पत्र्याची डबी. पहिल्या वर्षी काय दिलं सांगू? त्या गुलाबदाणीच्या वर्षी? गुलाबी प्लास्टिकची साबणाची डबी. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, माझा माझ्यावरच.

मग मंदारला दूर उत्तरेकडे टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली आणि आम्ही निघालो. निघायच्या सकाळी खोकी बांधताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे बघत होत्या. मग हळूच विचारलं, "गोलाबदान?" मी म्हटलं, काळजी नको, नीट बांधलीय, दुपट्यात गुंडाळून, माझ्या हँडबॅगेतच ठेवलीय. त्यांनी मान हलवली. "खूब," म्हणाल्या. छान. इतक्या वर्षांत तेवढंच एकदा विचारलं.

मी म्हटलं, "येते." लालेला सांगितलं, आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. तिने ते आईला सांगितलं. महीनखानुम आत गेल्या आणि वाडगाभर पाणी घेऊन आल्या. आमची गाडी हलली तसं त्यांनी ते मागे रस्त्यावर ओतलं. माणूस पाण्यासारखं सहज परत यावं म्हणून त्यांच्यात तसं करतात. मी पाण्याचा तो ओला पट्टा मागच्या काचेतून दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

टूवूंबा छान आहे, तक्रार नाही. सकाळचं धुकं, शांत माणसं, बस दिसली तर लॉटरी. संक्रांतीला आम्ही सातच बायका जमतो. गुलाबदाणी मी टूथपावडरने घासून लखलखीत ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, ही माझ्या शेजारणीने दिली, इराणी होत्या, जीव होता माझ्यावर.

गेल्या महिन्यात रेवा युनीसाठी मेलबर्नला आली. तिची रूममेट नीलू इराणी घरातली. आठवडाभरात तिचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. "आई, लिसन. मी नीलूला म्हटलं, लव्ह युअर टॉप. ती म्हणाली, टेक इट, इट्स यॉर्स. आय ॲक्च्युअली टुक इट! आणि मग ती म्हणाली, यू आर सपोज्ड टू से नो! इट्स कॉल्ड तारोफ. कोणी काही चांगलं म्हटलं की ते पीशकेश म्हणतात, पण तू घ्यायचं नसतं. तू नाही म्हणायचं, ते पुन्हा म्हणणार, तू पुन्हा नाही..."

"पीशकेश?" मी म्हटलं.

"हो, पीशकेश. अँड देन..." ती थांबली. "आई. ओ माय गॉड, आई. द गुलाबदाणी. यू टुक इट?"

मी फोन ओट्यावर ठेवला. आग्रह आपल्याला काय नवा? ताटावर हात आडवा धरणाऱ्याला जिलबी वाढणारी माणसं आपण. पण आपला आग्रह पानापुरता. वस्तू दिली की दिली. आणि ती बेव्ह, जिला मी रीत नाही म्हणाले, तिने बिस्किट खाता खाता बरोब्बर उत्तर दिलं होतं! पडदा सारखा, दरवाजा सारखा, बिचारी सारखी, म्हणून मला वाटलं की सगळंच सारखं असणार. शेण खाल्लं मी. तेही दोन्ही हातांनी, नमस्कार करून.

चार दिवस लालेला फोन लावायची शिकस्त केली. आपल्या अर्थाने नव्हे, त्यांच्या अर्थाने. नंबर काढायची आणि हरून फोन ठेवायची. पाचव्या दिवशी लावला. सगळं सांगितलं.

"ती आजीची होती," लाले इंग्रजीत म्हणाली. "आईच्या आईची. येताना एकच सूटकेस होती, तरी ती तिने हातात धरून आणली. मी तेव्हाच तुझ्याकडे येणार होते. तिने शपथ घातली. म्हणाली, ती मुलगी माझ्या पाया पडली, आता मी तोंडाने कशी परत मागू?" मग म्हणाली, "आता तिला फारसं दिसत नाही. यायचं असेल तर लवकर ये."

म्हणून मी आले होते. गाडीतून उतरले, दुपटं छातीशी धरलं. दार लालेने उघडलं. समोवारचा सूंऽऽ आवाज, तोच गालिचा. खिडकीत ताटलीभर गहू रुजत घातलेले. नौरोजला आठवडा होता. महीनखानुम खुर्चीत, अर्ध्या झालेल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. त्यांनी माझा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "जान-ए मन. बीचारे." तिथेच माझा निम्मा बांध फुटला.

मी दुपटं उलगडून गुलाबदाणी त्यांच्या हातात ठेवली. अंगठा आपोआप त्या पोच्यात जाऊन बसला. त्या एकदम निश्चल झाल्या.

"तुमची," मी म्हटलं. "माझी चूक झाली. मला कळलंच नाही."

"न, न." त्यांनी ती माझ्याकडे ढकलली. तुझी आहे. तुझ्या घरी शोभते.

एक झालं. नीलूने रेवाकरवी मला सगळं पढवून ठेवलं होतं. मी पुन्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा परत केली, या वेळी मान फिरवून. दोन. तिसऱ्यांदा देताना मात्र माझ्या मनात आलं, आणि खरंच नको असेल तर? रागावल्या असतील तर? "महीनखानुम, घ्या ना. प्लीज."

त्या थांबल्या. न दिसणारे डोळे माझ्यावर रोखले. "बी-तारोफ?" त्यांनी विचारलं. तारोफ नाही ना? खरं खरं?

"बी-तारोफ," मी म्हटलं. "खरं खरं. आईशप्पथ."

आणि मग त्या म्हाताऱ्या हातांनी गुलाबदाणी अशी झडप घालून घेतली की मी दचकलेच. छातीशी घट्ट धरली, जाळीला नाक लावलं आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "मामान." आई. तेरा वर्षं ही बाई तिची वाट बघत होती आणि त्या सहाही संक्रांतींना माझ्या दारात येऊन तळहातभर वास घेऊन परत गेली होती. मी भोकाड पसरून रडले. लालेही रडली. रेवा टिश्यूचा बॉक्स शोधत फिरली.

नंतर चहा झाला. माझा साखरेचा खडा पहिल्याच घोटाला विरघळला. निघताना मी त्यांचे हात हातात घेतले, तर माझ्या बांगड्या किणकिणल्या. यंदाच्या हळदीकुंकवाला भरलेल्या, काचेच्या, हिरव्या. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"चे क़शंग!" त्या म्हणाल्या. किती सुंदर वाजतात!

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "पीशकेश." आणि मी त्यांच्या 'न, न'ची वाट बघत थांबले.

'न, न' आलंच नाही. महीनखानुमनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, अगदी तेव्हा मी केले होते तसे, आणि खाली मान घालून गालातल्या गालात हसायला लागल्या.

"मामान!" लाले ओरडली.

बांगड्या निघेनात. तेरा वर्षांत माझे हात जाडजूड झालेत. लाले आत जाऊन साबण घेऊन आली, आणि मी बघितलं तर तो त्या गुलाबी प्लास्टिकच्या डबीत होता. मी तोच साबण मनगटांना चोळला. हात भुंडे नकोत म्हणून दोन्हीकडे एकेक ठेवली, बाकीच्या काढल्या. त्यांच्या हातात त्या सुर्रकन गेल्या.

"येते," मी म्हटलं.

गाडी हलली तेव्हा त्या लालेचा हात धरून फाटकात आल्या होत्या. वाडग्यातलं पाणी रस्त्यावर पडलं, आणि उघड्या काचेतून मला पाण्याच्या आधी बांगड्या ऐकू आल्या.

रेवा गिअर टाकता टाकता म्हणाली, "शी ॲक्च्युअली टुक देम?"

"घेतल्या," मी म्हटलं. "अगदी डोंबिवलीच्या बाईसारख्या."